चोविसांतली दोन नावे

लातूरहून पहाटे साडेपाचला फोन आला आणि मी आजोबा झालो. माझी आई त्याच घटकेला पणजी झाली. पण तिला ऐकू कमी येते, त्यामुळे ही बढती तिच्यापर्यंत पोचायला आणखी दहा मिनिटे लागली. पोचली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "सून बरी हाय का?" आणि दुसरा विचारला, "नाव काय ठेवायलेत?" मूल अजून पुरते तासाभराचेही झाले नव्हते.

नावाचा विचार आपल्याला करावा लागणार नाही, अशी माझी समजूत होती. माझा मुलगा आणि सून पुण्याला नोकरी करतात. तिकडची तरुण जोडपी महिनेच्या महिने आधीपासून मोबाइलवर नावांच्या याद्या उघडून बसतात आणि साऱ्या गणगोतात कुणाचे नसेल असे नाव हुडकून काढतात, हे मी ऐकून होतो. अशा नावांशी माझे वैर नाही. अडचण आहे ती आईच्या जिभेची. माझ्या चुलतभावाच्या नातवाचे नाव रेयांश आहे. आई त्याला 'रेवण' म्हणते, आणि मौज अशी की तोही मुकाट्याने ओ देतो.

तेव्हा तिसऱ्या दिवशी मुलाचा पुन्हा फोन आला आणि तो म्हणाला, "बाबा, आम्ही दोन नावं काढलीत. केशव नाहीतर गोविंद," तेव्हा मी चकितच झालो.

"अरे, ही तर माझ्या आजोबांच्या काळची नावं!"

"म्हणूनच तर," तो म्हणाला. "आमच्या सोसायटीत आता तीन राघव आणि एक माधव आहे. जुनी नावं परत आलीत, बाबा."

त्याला केशव हवे होते, कारण ते त्याच्या आजोबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे नाव. सुनेचा ओढा गोविंदाकडे होता. तिच्या लातूरच्या आजीला उठताबसता "गोविंदा, गोविंदा" म्हणायची सवय होती. तो आवाज तिच्या कानात राहून गेला होता. भांडण असे काही नव्हते. दोघांचेही म्हणणे एकच पडले, की आजीला विचारा, ती म्हणेल ते ठेवू.

फोन खाली ठेवला आणि मी बराच वेळ ओसरीवर नुसता बसून राहिलो. त्या लेकरांनी किती साधेपणाने विचारले होते! त्यांना काय ठाऊक, की या दोन नावांपैकी एकही नाव 72 वर्षांत मी आईच्या तोंडून कधी नीट ऐकलेले नव्हते.

नावांशी माझा संबंध तसा जन्मभराचा आहे. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. चित्रकलेच्या मास्तराला वर्ग पुष्कळ आणि तास थोडे, त्यामुळे त्याच्या वाट्याला इतरांहून अधिक हजेरीपट येतात. आमच्या भागातला जुना हजेरीपट म्हणजे नकाशाच असे. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, म्हणून नांदेडकडे प्रत्येक वर्गात दोन-तीन गंगाधर ठरलेले. नागनाथ आणि नागोराव आले की समजावे, घरचे लोक औंढ्याला जाणारे. दिगंबर, दत्ता हे माहूरचे, वैजनाथ परळीचा, मल्हारी माळेगावच्या जत्रेचा, आणि तेलंगणाची वाट धरून थेट तिरुपतीहून आलेले बालाजी आणि व्यंकट तर इतके, की त्यांना मोठा आणि धाकटा असे क्रमांक द्यावे लागत. सटवाजी हे नाव पुण्याच्या लोकांना हसू आणते. पाचव्या रात्री कपाळावर लिहायला येणाऱ्या सटवाईला खूश ठेवायचे म्हणून ते ठेवलेले असते, हे कळल्यावर हसू ओसरते. मग कधीतरी त्या पटांत सचिन आणि संतोष शिरले, पुढे ओम आणि अथर्व आले, आणि नकाशा हळूहळू पुसला गेला. याबद्दल मी गळा काढणार नाही. कारण त्या जुन्या पटात धोंडीराम हेही एक नाव होते, आणि ते मास्तराचे होते!

पण ते मागाहून सांगतो. आधी केशवाचे.

आमचे अर्धापूर नांदेडपासून सुमारे 20 किलोमीटरवर. आता तालुका झाले आहे. इसापूर धरणाच्या कालव्याने केळी आणि हळद पिकते, आणि बाहेर गावाची ओळख तेवढीच असते. पण गावाचा खरा मालक केशवराज. त्याचे जुने देऊळ गावात आहे आणि माझ्या वडिलांचे नाव त्याच्यावरूनच ठेवलेले. मी मास्तर झाल्यावर मुलांना विष्णूची मूर्ती वाचायला शिकवीत असे. विष्णूला हात चार आणि हातांतल्या वस्तूही चार: शंख, चक्र, गदा, पद्म. या चार वस्तू चार हातांत किती तऱ्हांनी देता येतील? हिशेब केला तर बरोबर 24. आणि या 24 क्रमांना आपल्या जुन्या मूर्तिकारांनी 24 नावे दिली आहेत. खालच्या उजव्या हातापासून निघून वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा असे फिरत जावे. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला तर तो केशव. त्याच वस्तू दुसऱ्या क्रमाने धरल्या की नारायण, तिसऱ्या क्रमाने माधव, चौथ्या क्रमाने गोविंद. देव तोच, मुकुट तोच, चेहराही तोच. हातातल्या हातात अदलाबदल झाली की नाव पालटते. मुलांना हे फार आवडे. खडू, डस्टर, पट्टी आणि छडी अशा चार वस्तू घेऊन दोन मुले पाठीला पाठ लावून उभी राहत आणि बाकीचा वर्ग "केशव! केशव!" म्हणून ओरडे. छडी गदेच्या जागी असे, हे सांगायला नको.

अशा गावात राहून आई गावच्या देवाचे नाव घेत नसे. कारण उघड आहे. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, ही रीत तिने वयाच्या पंधराव्या वर्षापासून पाळली. ती देवळाला 'राजाचं देऊळ' म्हणे. केशर या जिनसाला ती 'ती पिवळी काडी' म्हणे. खरे तर केशर आमच्या घरात वर्षावर्षात येत नसे, पण बाईने पहारा कडक ठेवला होता. वडिलांचे नाव तिच्या तोंडून निघायला एकच फट होती, ती उखाण्याची. बारसे, डोहाळजेवण, संक्रांतीचे हळदीकुंकू असे काही असले आणि बायांनी आग्रह धरला, की ती खाली बघत दोन ओळी म्हणे आणि त्यांच्या शेवटी ते नाव पटकन उरकून टाके. आम्ही पोरे दाराआडून ऐकत असू. 1994 साली वडील गेले. त्यानंतर तिला नाव घे म्हणायला कोण येणार? ती फटही बुजली.

आता गोविंद.

मी दहाएक वर्षांचा होतो. गोकुळाष्टमीला आम्ही पोरे गल्लीतून "गोविंदा, गोविंदा" ओरडत आलो, आणि दारात आत्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. आई आत ज्वारी पाखडत होती. तिच्या सुपाचा आवाज थांबला होता. त्या दिवशी आत्याने मला मागच्या आडाजवळ नेऊन सांगितले, की माझ्याआधी या घरात एक मुलगा होता.

तो 1947 च्या उन्हाळ्यात जन्मला. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबरात, बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला रझाकारांनी गोविंदराव पानसऱ्यांना मारले होते. (अर्जापूर निराळे आणि आमचे अर्धापूर निराळे, बाहेरचे लोक हमखास घोटाळा करतात. तसेच 2015 साली ज्यांचा खून झाला ते कोल्हापूरचे कॉम्रेड गोविंद पानसरेही वेगळे.) हैदराबादच्या मुक्तिसंग्रामातले पहिले हुतात्मे म्हणून आजही आमच्याकडे या गोविंदरावांचे नाव घेतात. वडील काही पुढारी नव्हते. हळदीचे दोन वाफे असलेला साधा शेतकरी. पण ती बातमी त्यांना लागली होती. शिवाय नांदेडला गोविंद हे नाव परके नाही. गुरु गोविंदसिंघजींनी 1708 साली देह ठेवला तो तिथेच. पहिला मुलगा झाला तेव्हा वडिलांनी कुणाला न विचारता नाव सांगून टाकले.

पोर वर्षाचे होण्याआधीच घर सोडायची वेळ आली. त्या दिवसांत आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबे निजामाची हद्द ओलांडून पैनगंगेपलीकडे, तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या उमरखेडला गेली. तिथे लढ्याचा कॅम्प होता. आईने ते पोर पाठीशी बांधून नदी ओलांडली. पलीकडे गेल्यावर पोटाला काही नव्हते. गोविंदाच्या पायांत चांदीचे वाळे होते, ते तिने विकले आणि ज्वारी घेतली. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मुक्त झाले, लोक घरोघरी परतले, आमचेही परतले. मोडके घर वडिलांनी पुन्हा उभे केले. आणि 1951 साली गोविंदाला देवी आल्या. नवव्या दिवशी तो गेला. चार वर्षांचा होता.

या सगळ्यातले एक अक्षर मला आईने कधी सांगितले नाही. एकदाच, 1980 साली, जगातून देवीचा रोग कायमचा गेला असे जाहीर झाले तेव्हा मी हौसेने ती बातमी तिला वर्तमानपत्रातून वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती. परातीतला हात न थांबवता ती म्हणाली, "उशीर केला." त्यापुढे तिने काही विचारले नाही आणि मीही काही बोललो नाही.

मी झालो 1953 साली. पहिले लेकरू गेलेले. त्यामुळे माझ्या बाबतीत कुणी धोका पत्करायला तयार नव्हते. आमच्याकडे अशा मुलाला यमापासून लपवायच्या ज्या ज्या युक्त्या आहेत त्या साऱ्या माझ्यावर झाल्या. मला केरावर लोळवले. सुपात घालून शेजारणीला देऊन टाकले आणि पसाभर ज्वारी देऊन परत विकत आणले. उजवी नाकपुडी टोचली. तिची खूण अजून आहे. आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे नाव. धोंडा! ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहू नये, ज्याचा कुणाला लोभ वाटू नये, असे काहीतरी. दगडू, कचरू, केरबा, भिकू हे सगळे माझेच भाऊबंद. शाळेत घालताना गुरुजींनी दया येऊन पुढे 'राम' जोडला आणि माझा धोंडीराम झाला. जन्मतारीख ठाऊक नसल्याने तीही त्यांनीच 1 जून अशी ठोकून दिली. माझ्या पिढीतले अर्धे मराठवाडकर 1 जूनला जन्मले आहेत.

या नावाचा मला पुष्कळ जाच झाला. पोरे "धोंड्या, पाणी काढ" म्हणून चिडवीत, कारण अधिक महिन्यालाही आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात आणि पाऊस मागायलाही दारोदार धोंडीच फिरवतात. माझ्या मुलाने पुण्यातल्या पहिल्या नोकरीच्या ठिकाणी आपल्या नावामधल्या वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर ठेवले. मला ते कळले होते. मी बोललो नाही; त्याच्या जागी मीही तेच केले असते. पण नावाहून अधिक जाच मला दुसऱ्याच गोष्टीचा झाला. मी कुणाच्या तरी जागेवर आलेला मुलगा आहे, हे मला आडाजवळच्या त्या दिवसापासून माहीत होते. आई माझ्याकडे पाही तेव्हा ती माझ्या पलीकडे कुणाला पाहते की काय, असे मला कितीदा वाटे. पहिल्या नंबराने पास होऊन आलो तरी वाटे, की गोविंद असता तर आणखी चांगला पास झाला असता. मेलेल्या भावाशी स्पर्धा करू नये. तो कधी चुकत नाही.

हे सगळे मनात असल्यामुळे, खरे सांगायचे तर, फोन ठेवल्यावर माझे मन चटकन गोविंदाकडे झुकले. मला वाटले, हीच संधी आहे. घरात पुन्हा गोविंद येईल, रांगेल, हाका मारून घेईल; 70 वर्षे बुजलेले नाव पुन्हा वाहते होईल; आणि त्याची जी जागा मी इतकी वर्षे भाडेकरूसारखी सांभाळली ती नातवाच्या ताब्यात देऊन मी मोकळा होईन. हा शेवटचा विचार फारसा उदात्त नव्हता, हे माझ्या लक्षात यायला रात्र जावी लागली.

लक्षात आणून दिले ते एका डच माणसाने. व्हॅन गॉगची सूर्यफुले आणि गव्हाची शेते मी मुलांना जन्मभर दाखवली. त्याचा जन्म 30 मार्च 1853 चा. बरोबर एक वर्ष आधी, 1852 च्या 30 मार्चलाच, त्याच्या आईला मृत मुलगा झाला होता आणि त्याचे नाव ठेवले होते व्हिन्सेंट. पुढच्या वर्षी झालेल्या या मुलालाही तेच नाव दिले. वडील त्या गावचे पाद्री. चर्चच्या अंगणातच त्या पहिल्या व्हिन्सेंटची कबर होती, वर नाव कोरलेले. पाच-सहा वर्षांचा मुलगा नुकता अक्षरे ओळखायला लागतो आणि एके दिवशी दगडावर स्वतःचे नाव वाचतो! त्याच्या पुढच्या सगळ्या दुःखांचे मूळ तिथे आहे, असे म्हणण्याइतका मी उथळ नाही. पण माझ्या नातवाला असा दगड आपण का द्यावा? मी धोंडा होऊन निभावून नेले. आमच्यात एवढा एक धोंडा पुरे.

मधल्या काळात मुलाने गुरुजींकडूनही अक्षर मागवून घेतले होते. मुलाचे नक्षत्र निघाले आर्द्रा आणि चरण तिसरा. पंचांगात त्या चरणाला अक्षर दिलेले आहे 'ङ'. ङ वरून सुरू होणारे नाव आजवर कुणी ठेवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गुरुजी स्वतःच हसले आणि म्हणाले, पत्रिकेत काही असू द्या, हाकेचे नाव तुमचे तुम्ही ठरवा. सरकारचेही म्हणणे जवळजवळ असेच आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी, नाव मागाहून वर्षभरात विनाशुल्क घालता येते. मुलाने लातूरलाच कोऱ्या नावाचा दाखला काढून घेतला. त्याचे छायाचित्र त्याने मला पाठवले तेव्हा मला उगाच वाटून गेले, की नाव नसलेल्या या पोराजवळ चार दिवसांतच शिक्कामोर्तब झालेला कागद आहे.

शेवटी चौथ्या की पाचव्या दिवशी संध्याकाळी मी आईजवळ बसलो. तिचे वय आता 95 आहे. ऐकू येत नाही असे ती म्हणते; पण मला असे दिसून आले आहे, की नको ते तिला ऐकू येत नाही आणि हवे ते कुजबुजले तरी कळते. मी म्हटले, "आई, पोरांनी दोन नावं काढलीत. एक आपल्या गावच्या देवाचं." ती थांबली. "अन् दुसरं?"

मी दुसरे सांगितले. 72 वर्षांचा माणूस मी, पण ते नाव तिच्यासमोर उच्चारताना माझा आवाज दहा वर्षांच्या पोरासारखा झाला.

ती काहीच बोलली नाही. वातीला पीळ देत होती, तो देत राहिली. मला ती शांतता सहन होईना, म्हणून मी माझी मास्तरकी सुरू केली. म्हटले, "तसं पाहिलं तर दोन्ही एकच देव. हातातल्या वस्तू तेवढ्या..."

"देव एक असंल," ती म्हणाली. "लेकरं दोन हायत."

मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, ती जे बोलली ते मी जसेच्या तसे लिहितो. "त्याचं नाव त्याच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. वाळे होते ते म्या इकले. अंगडं त्याच्यासंगंच गेलं. फोटू न्हाई, कागुद न्हाई. त्या लेकराजवळ दुसरं हाय काय?"

मी मान खाली घातली. नाव बुजले आहे, ते वाहते केले पाहिजे, वगैरे मी जे मनात रचले होते ते किती वरवरचे होते! मला वाटत होते तिने ते नाव दुःखाने टाकून दिले आहे. तिने ते टाकले नव्हते, जपून ठेवले होते. दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढून मळू नये, फाटू नये म्हणून.

"मग गावच्या देवाचं?" मी विचारले.

"हं," ती म्हणाली. "मी आपली राजा म्हणीन."

मुलाला मी फोन करून केशव कळवले. सुनेला कारण सांगावे की नाही याचा विचार पडला. बाळंतिणीला असल्या गोष्टी सांगू नयेत म्हणतात. पण तिने विचारले आणि मी सांगितले. ती पलीकडे काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, आम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पहिले बाळंतपण माहेरी, तसे बारसेही लातूरलाच व्हायचे. पण आईला गाडीचा प्रवास झेपत नाही म्हणून सव्वा महिन्याने लेकराला अर्धापुरात आणले आणि बारसे आमच्या घरी झाले. पाळणा माझाच जुना, माळ्यावरून काढलेला. केळीच्या पानांवर घुगऱ्या वाढल्या. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून आणि वरून फिरवले. मला त्या वरवंट्याबद्दल नेहमीच आपुलकी वाटते. तो पहिला धोंडा. मग बाळाला घेतले. पाळण्याच्या दोन बाजूंना बाया उभ्या राहतात, एकीने खालून द्यायचे आणि दुसरीने वरून घ्यायचे, आणि देता-घेता देवाची नावे पुकारायची. ती नावे ठरलेली आहेत, आणि मला तोवर कसे सुचले नव्हते कोण जाणे, त्यांतले पहिलेच नाव गोविंद आहे. पाळण्याच्या दोरीवर आईचा हात होता. एका बाईने खणखणीत आवाजात ते नाव पुकारले. आईचा हात दोरीवर थांबला. बाळ पाळण्याखालून पलीकडच्या हातांत गेले, गोपाळ, माधव अशी पुढची नावे झाली, आणि हात पुन्हा हलू लागला.

माझ्या मुलीने, म्हणजे बाळाच्या आत्याने, कानात कुर्र करून नाव सांगितले आणि पाठीवर बुक्के खाल्ले. हसणे-खिदळणे झाले. अशा वेळी एखादी नवी सून उत्साहाने काहीतरी बोलून जाते. शेजारच्या घरात नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी आईला म्हणाली, "आता पणजीबाईंनी नाव घ्यावं!" तिला एवढेच म्हणायचे होते, की बाळाला नावाने हाक मारा. पण 'नाव घ्या' हे शब्द बाईला म्हटले की त्याचा अर्थ एकच होतो. मोठ्या बायका चपापल्या. एकीने त्या पोरीला चिमटा काढला. 1994 पासून हे शब्द या घरात आईला कुणी म्हटले नव्हते.

आईने पदर पुढे ओढला. मला वाटले, आता ती ऐकू न आल्याचे नाटक करणार. पण तिने जुन्या सवयीने खाली बघितले आणि उखाणा घातला. आवाज अगदी बारीक होता. मी दारात उभा होतो, मला पुरता ऐकू आला नाही. पहिल्या ओळीत पैनगंगा होती आणि पुढे हळद होती, एवढे कळले. शेवटचा शब्द मात्र साऱ्यांना ऐकू आला, आणि तो तिने पटकन उरकला नाही. बायांनी एकच गलका केला. बाळ दचकून रडू लागले.

दुपारी पाहुणे पांगले. सून आणि लेकरू आतल्या खोलीत निजले. मी अंगणातली सतरंजी गोळा करीत होतो. उरलेल्या घुगऱ्या वाटून द्यायचे काम आईने कुणाला करू दिले नव्हते. पायऱ्यांवर बसून ती केळीच्या पानाचे तुकडे करून प्रत्येकावर मूठमूठ घालीत होती आणि घरांची नावे घेत होती. सगळे वाटे गेले. एक तेवढा तिने आपल्या डाव्या हाताला, तुळशीच्या बाजूला सरकवून ठेवला होता. मी तो उचलायला वाकलो आणि विचारले, "हा कुणाचा?"

"ऱ्हाऊ दे तिथंच," ती म्हणाली. "हाय एकाचा."